संगणकांचा शिष्टाचार

(एकाच तारेवरून किंवा एकाच रेडिओ लहरीवरून अनेक संगणक एकमेकांना संदेश पाठवतात. दोन संगणकांनी एकदम संदेश पाठवला, तर त्या संदेशांची टक्कर होते आणि दोन्ही बिघडतात. अशा वेळी काय करायचे, याचे नियम कसे तयार झाले व त्या नियमांमागे कोणता विचार आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

वर्गात शिक्षक एखादा सोपा प्रश्न विचारतात. दहा-बारा विद्यार्थ्यांना उत्तर येत असते. सगळे एकदम बोलू लागतात. प्रत्येकाचे उत्तर बरोबर असते. पण शिक्षकांना एकाचेही बोलणे नीट ऐकू येत नाही. मग शिक्षक म्हणतात, "एकेकाने बोला." ते बोट दाखवून एकाला उभे करतात आणि गोंधळ संपतो.

आता अशी कल्पना करा, की वर्गात शिक्षक नाहीत. कोणी कोणाचा प्रमुख नाही. खोलीत अंधार आहे, त्यामुळे वर केलेला हातही दिसत नाही. कोणाला केव्हा बोलायचे आहे, हे दुसऱ्याला आधी कळत नाही. अशा खोलीत प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळावी आणि प्रत्येकाचे बोलणे इतरांना नीट ऐकूही यावे, यासाठी कोणता नियम करता येईल?

हा प्रश्न सुमारे पन्नास वर्षांपूर्वी संगणकशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. त्याचे पहिले उत्तर मिळाले ते समुद्राने वेढलेल्या एका बेटावर.

पॅसिफिक महासागरात हवाई नावाचा बेटांचा समूह आहे. तो अमेरिकेचे एक राज्य आहे. हवाई विद्यापीठाचे मुख्य केंद्र ओआहू बेटावरील होनोलुलू या शहरात आहे. विद्यापीठाच्या इतर संस्था वेगवेगळ्या बेटांवर पसरलेल्या आहेत. त्या काळी संगणक फार महाग असे. एक मोठा संगणक मुख्य केंद्रात ठेवत आणि दूरच्या लोकांनी तारेने त्याच्याशी जोडून घेऊन काम करावे, अशी रीत होती. पण तेथील टेलिफोनच्या तारा महाग होत्या आणि त्यांवरून संदेश नीट जातील, याची खात्री नव्हती.

या विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन नावाचे प्राध्यापक होते. १९६८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रकल्प हाती घेतला. तारेऐवजी रेडिओ लहरींनी संगणक जोडायचे, असे त्यांनी ठरवले. जून १९७१ मध्ये त्यांचे जाळे काम करू लागले. त्याला त्यांनी 'अलोहा' हे नाव दिले. हवाईच्या लोकांच्या भाषेत 'अलोहा' हा शब्द भेटताना व निरोप घेताना वापरतात. त्यात प्रेमाचा आणि सद्भावनेचा अर्थ आहे. मुख्य केंद्रात येणारे-जाणारे संदेश सांभाळण्यासाठी एक छोटा संगणक होता. त्याला 'मेनेहुने' म्हणत. हवाईच्या लोककथांत मेनेहुने नावाची बुटकी माणसे आहेत. ती रात्रीच्या वेळी कोणाला न दिसता कामे उरकतात.

अलोहाच्या जाळ्यात दोन रेडिओ वाहिन्या होत्या. एका वाहिनीवरून मुख्य केंद्र सर्वांना संदेश पाठवी. तेथे बोलणारा एकच असल्यामुळे गोंधळाचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या वाहिनीवरून सगळी दूरची यंत्रे मुख्य केंद्राला संदेश पाठवत. खरा प्रश्न या दुसऱ्या वाहिनीचा होता. बोलणारे अनेक, वाहिनी एक!

प्रत्येक यंत्राला ठरावीक पाळी द्यावी, असा उपाय कोणालाही सुचेल. पण त्यात एक अडचण आहे. यंत्रासमोर बसलेला माणूस एक ओळ टंकित करतो, मग उत्तराची वाट पाहतो, मग विचार करतो. त्याला सतत काही पाठवायचे नसते. त्यामुळे पाळ्या वाटून दिल्या, तर बहुतेक पाळ्या रिकाम्या जातील आणि ज्याच्याकडे खरोखर संदेश आहे, तो मात्र आपली पाळी येईपर्यंत खोळंबून राहील.

अब्राम्सन यांनी पाळीची कल्पनाच सोडून दिली. त्यांचा नियम असा होता : ज्याच्याकडे संदेश तयार असेल, त्याने तो लगेच पाठवावा. मात्र संदेश लांबलचक नसावा. त्याची छोटी छोटी पाकिटे करावीत. एका पाकिटात जास्तीत जास्त ८० अक्षरे असत. पाकिटावर पाठवणाऱ्याची ओळख असे आणि त्याला पडताळणीचे काही आकडे जोडलेले असत. मुख्य केंद्र ते आकडे तपासून पाही. आकडे जुळले, तर पाकीट सुखरूप आले, असे समजून केंद्र त्याची पोच पाठवी. दोन पाकिटे एकाच वेळी आली, तर त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळत, आकडे जुळत नसत आणि केंद्र ती पाकिटे टाकून देई.

मग पाठवणाऱ्याला हे कळणार कसे? त्याला कोणी "तुझे पाकीट बिघडले" असे सांगत नसे. पाकीट कोणाचे होते, हेच केंद्राला वाचता येत नसे, तर ते सांगणार कोणाला? पाठवणारे यंत्र फक्त पोचेची वाट पाही. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर आपले पाकीट पोचले नाही, असे ते समजे. मग थोडा वेळ थांबून तेच पाकीट पुन्हा पाठवी. म्हणून पोच मिळेपर्यंत पाकिटाची एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवणे, हे प्रत्येक यंत्राचे कर्तव्य होते.

ही पद्धत अगदी साधी होती, पण तिची किंमतही मोजावी लागे. गणित करून पाहिल्यावर असे दिसले, की या पद्धतीत वाहिनीच्या १०० भागांपैकी जास्तीत जास्त सुमारे १८ भागच उपयोगी पडतात. बाकीचा वेळ टकरींत किंवा शांततेत जातो. याचे कारण असे : एक पाकीट जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात दुसरे कोणी बोलले, तर टक्कर होते. शिवाय त्याच्या आधी तेवढ्याच वेळात कोणी बोलायला सुरुवात केलेली असेल, तरी त्याचे शेपूट आपल्या पाकिटाला लागते. म्हणजे धोक्याचा काळ पाकिटाच्या वेळेच्या दुप्पट होतो. १९७२ साली लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी यात एक सुधारणा सुचवली. सर्वांनी घड्याळाच्या ठरावीक ठोक्यावरच पाकीट पाठवण्यास सुरुवात करावी, मध्येच करू नये. त्यामुळे धोक्याचा काळ निम्मा झाला आणि उपयोगी भाग १८ वरून सुमारे ३७ वर गेला. एवढ्याशा शिस्तीने काम दुप्पट होऊ लागले.

त्याच सुमारास रॉबर्ट मेटकाफ नावाच्या एका तरुण संशोधकाने अब्राम्सन यांचा लेख वाचला. त्याला त्यातील एक गोष्ट खटकली. आपल्याला उत्तर मिळो वा न मिळो, लोक तसेच टंकित करत राहतील, असे त्या गणितात धरले होते. खरी माणसे उत्तर न आल्यास थांबतात. गर्दी असेल, तर यंत्रांनीही आपला वेग आवरला पाहिजे, असे मेटकाफला वाटले. तो कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करत असे. तेथे एकाच इमारतीतील अनेक छोटे संगणक एकमेकांना आणि छपाईच्या एका वेगवान यंत्राला जोडायचे होते. २२ मे १९७३ रोजी मेटकाफने आपली योजना लिहून काढली आणि तिला 'ईथरनेट' हे नाव दिले. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने ती प्रत्यक्षात उतरवली. येथे रेडिओऐवजी एक जाड केबल होती आणि सर्व संगणक तिलाच जोडलेले होते. पुढे १९८० साली या पद्धतीचा वेग सेकंदाला १ कोटी बिट असा ठरवण्यात आला. बिट म्हणजे संगणकाच्या भाषेतील शून्य किंवा एक.

ईथरनेटच्या नियमांना आपण संगणकांचा शिष्टाचार म्हणू शकतो. चार माणसांत बसल्यावर मोठी माणसे आपल्याला जे शिकवतात, त्याच्याशी हे नियम अगदी जुळतात.

पहिला नियम : बोलण्यापूर्वी ऐका. केबलवर दुसऱ्याचा संदेश चालू असेल, तर तो संपेपर्यंत गप्प राहा.

दुसरा नियम : बोलतानाही कान उघडे ठेवा. आपण पाठवतो तेच केबलवर दिसत असेल, तर ठीक. वेगळे काही दिसू लागले, तर टक्कर झाली, असे समजा आणि ताबडतोब थांबा. थांबण्यापूर्वी एक छोटा इशारा द्या, म्हणजे सर्वांना टक्कर झाल्याचे कळेल.

तिसरा नियम : टक्कर झाल्यावर काही काळ थांबा आणि मग पुन्हा प्रयत्न करा.

तुम्ही म्हणाल, सगळे आधी ऐकून घेतात, तर मग टक्कर होतेच कशी? याचे उत्तर अंतरात आहे. केबलमधून विद्युत संकेत सेकंदाला दोन लाख किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. पण तरी त्याला थोडा वेळ लागतोच. समजा, केबलच्या एका टोकाला 'अ' हा संगणक आहे आणि दुसऱ्या टोकाला 'ब' आहे. 'अ'ने कान दिला, शांतता होती, म्हणून त्याने पाठवण्यास सुरुवात केली. त्याचा संकेत 'ब'पर्यंत पोचण्यापूर्वीच 'ब'ने कान दिला. त्यालाही शांतता वाटली. त्यानेही सुरुवात केली. दोघांनीही नियम पाळला, तरी टक्कर झाली. येथे चूक कोणाचीच नाही.

ही टक्कर 'अ'ला केव्हा कळेल? त्याचा संकेत दुसऱ्या टोकाला जाऊन बिघडलेला संकेत परत येईल तेव्हा. म्हणून ईथरनेटच्या नियमांत जाण्या-येण्याच्या या वेळेची हद्द ठरवून दिली आहे. १ कोटी बिट वेगाच्या ईथरनेटमध्ये ती ५१.२ मायक्रोसेकंद आहे. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात ५१२ बिट पाठवले जातात. ५१२ बिट म्हणजे ६४ अक्षरे. म्हणून ईथरनेटवरील कोणतेही पाकीट ६४ अक्षरांहून लहान असू शकत नाही. संदेश छोटा असला, तर त्यात भर घालून तेवढा करतात. असे केले नाही, तर पाठवणारा बोलून मोकळा होईल आणि टक्कर झाल्याचे त्याला कळणारच नाही.

आता तिसऱ्या नियमाकडे वळू. थांबायचे, हे खरे. पण किती वेळ?

लखनौच्या दोन सभ्य गृहस्थांचा किस्सा तुम्ही घरी नक्कीच ऐकला असेल. दोघे गाडीत चढायला निघाले. एक म्हणाला, "पहले आप." दुसरा म्हणाला, "जी नहीं, पहले आप." दोघांचा आग्रह चालू राहिला आणि गाडी निघून गेली! दोघेही सारखेच सभ्य होते, म्हणूनच दोघांची गाडी चुकली. संगणकांचेही असेच होऊ शकते. टक्कर झाल्यावर 'अ' आणि 'ब' दोघांनी बरोबर सारखाच वेळ थांबायचे ठरवले, तर दोघे पुन्हा एकदमच बोलू लागतील आणि पुन्हा टक्कर होईल. हे कितीही वेळा घडेल. कोंडी फोडायची असेल, तर दोघांच्या थांबण्यात फरक पडला पाहिजे. पण तो फरक ठरवायला तिसरा कोणी नाही.

म्हणून प्रत्येक संगणक जणू मनातल्या मनात चिठ्ठी टाकतो. वर सांगितलेल्या ५१.२ मायक्रोसेकंदांच्या काळाला आपण 'एक टप्पा' म्हणू. पहिल्या टकरीनंतर प्रत्येक जण ० किंवा १ यांतील एक चिठ्ठी उचलतो. ० आली, तर थांबायचे नाही. १ आली, तर एक टप्पा थांबायचे. 'अ'ला ० आणि 'ब'ला १ आली, तर 'अ' बोलू लागतो. एक टप्पा संपल्यावर 'ब' कान देतो, त्याला 'अ'चा आवाज ऐकू येतो आणि तो शांत राहतो. काम झाले. पण दोघांनाही सारखीच चिठ्ठी आली, तर पुन्हा टक्कर होते. दोन संगणक असतील, तर असे होण्याची शक्यता निम्मी असते.

दुसऱ्या टकरीनंतर चिठ्ठ्या वाढतात. आता ०, १, २, ३ अशा चार चिठ्ठ्या असतात. तिसऱ्या टकरीनंतर आठ, चौथ्या टकरीनंतर सोळा. प्रत्येक टकरीनंतर चिठ्ठ्या दुप्पट होतात. दोनच संगणक असतील, तर दुसऱ्या वेळी सारखी चिठ्ठी येण्याची शक्यता एक चतुर्थांश आणि तिसऱ्या वेळी एक अष्टमांश. तिन्ही वेळा ओळीने सारखीच चिठ्ठी येण्याची शक्यता ६४ मध्ये फक्त एक. दहाव्या टकरीनंतर चिठ्ठ्यांची संख्या १०२४ होते. त्यापुढे ती वाढवत नाहीत. सोळा वेळा प्रयत्न करूनही यश आले नाही, तर संगणक तो प्रयत्न सोडून देतो आणि संदेश गेला नाही, असे वरच्या कामाला कळवतो.

सुरुवातीपासूनच हजार चिठ्ठ्या का ठेवत नाहीत? कारण दोनच संगणक बोलू पाहत असतील, तर एवढे थांबण्यात वेळ फुकट जाईल. आणि नेहमीच दोन चिठ्ठ्या ठेवल्या, तर पन्नास संगणकांच्या गर्दीत टकरी कधी संपणारच नाहीत. गर्दी किती आहे, हे कोणालाही माहीत नसते. ते मोजायला कोणी नेमलेला नाही. पण पुन्हा पुन्हा टक्कर होत असेल, तर गर्दी मोठी असणार, एवढा अंदाज प्रत्येक संगणकाला स्वतःच करता येतो. टक्कर हीच गर्दीची खबर असते. ती खबर ओळखून प्रत्येक जण आपला संयम वाढवतो. उर्दूत ज्याला आपण सब्र म्हणतो, तोच हा संयम.

या नियमात एक उणीवही आहे. ज्याला यश मिळते, त्याची टकरींची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. जो हरला, त्याच्या चिठ्ठ्या मात्र वाढलेल्याच असतात. त्यामुळे जिंकणाऱ्याकडे पाठवायला पुष्कळ संदेश असतील, तर तोच काही काळ पुन्हा पुन्हा पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो. साध्या नियमांनी पुष्कळ न्याय मिळतो, पण पूर्ण न्याय मिळतोच असे नाही.

आता आपण एका इमारतीतील जाळ्यातून बाहेर पडू. पुढे अशी अनेक जाळी एकमेकांना जोडली गेली. त्यांतूनच इंटरनेट तयार झाले. दूरच्या प्रवासात पाकिटे एका संगणकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जातात. वाटेतल्या या संगणकांना 'राउटर' म्हणतात. प्रत्येक राउटरजवळ पाकिटांची रांग असते. रांगेची जागा भरली, तर पुढे येणारी पाकिटे तो सरळ टाकून देतो. येथे लहरींची टक्कर होत नाही; तरी परिणाम तोच होतो. पाकीट हरवते, पोच येत नाही आणि पाठवणारा ते पुन्हा पाठवतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये यातूनच मोठी कोंडी झाली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामध्ये जेमतेम ४०० यार्डांचे अंतर होते. त्यांच्यामधील जोडणीवरून सेकंदाला ३२ हजार बिट जात असत. ते एकाएकी सेकंदाला ४० बिटांवर आले. केबल तुटली नव्हती. यंत्रेही बिघडली नव्हती. मग काय झाले होते? रांगा भरल्या होत्या. पोच आली नाही, म्हणून प्रत्येक संगणक घाईघाईने तीच पाकिटे पुन्हा पाठवत होता. त्यामुळे रांगा आणखी भरत होत्या. काही पाकिटे हरवली नव्हती, फक्त रांगेत अडकली होती. तरी त्यांच्याही प्रती पुन्हा पाठवल्या जात होत्या. सगळे धडपडत होते आणि पुढे जवळजवळ काहीच जात नव्हते.

त्याच प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्यासह या कोंडीचा अभ्यास केला आणि १९८८ साली आपले उपाय प्रसिद्ध केले. ते उपाय थोडक्यात असे होते : सुरुवात हळू करा. पोच येत गेली, तर वेग वाढवा. पोच आली नाही, तर वाटेत गर्दी आहे असे समजा आणि वेग एकदम कमी करा. त्यानंतर तो थोडा थोडा वाढवा. तेच पाकीट पुन्हा पाठवण्याची वेळ आली, तर दर वेळी आधीपेक्षा दुप्पट वाट पाहा. यासाठी नवीन तारा टाकाव्या लागल्या नाहीत. संगणकांच्या वागण्यात बदल केला आणि कोंडी आटोक्यात आली. पुढे यांत अनेक सुधारणा झाल्या. पण गर्दीची खबर ओळखून आपला वेग आवरायचा, हे तत्त्व आजही कायम आहे.

आज शाळांत आणि कार्यालयांत ईथरनेटच्या तारा दिसतात. पण आता सर्व संगणक एकाच केबलला जोडलेले नसतात. प्रत्येक संगणकाची तार वेगळी असून ती 'स्विच' नावाच्या पेटीत जाते. त्या तारेतून संदेश एकाच वेळी जाऊही शकतात आणि येऊही शकतात. त्यामुळे अशा जाळ्यांत टकरी होत नाहीत. ज्या टकरीसाठी एवढे नियम केले, ती तारांच्या जगातून जवळजवळ नाहीशी झाली आहे.

हवेत मात्र ती अजून आहे. घरातील वाय-फाय एकाच हवेतून चालते. तेथे एक नवी अडचण असते. फोन स्वतः बोलत असताना त्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानाशी इतका मोठा असतो, की दुसऱ्याचा क्षीण आवाज त्याला ऐकू येत नाही. शिवाय वाय-फायच्या पेटीच्या दोन बाजूंना असलेले दोन फोन पेटीला ऐकू येतात, पण कधी कधी एकमेकांना ऐकू येत नाहीत. म्हणून तेथे टक्कर झाल्यावर थांबण्यापेक्षा ती होऊच नये, अशी आधीपासून काळजी घेतात. शांतता दिसली, तरी फोन लगेच बोलत नाही. बहुधा चिठ्ठी टाकून तो आणखी थोडा थांबतो आणि मग बोलतो. पाकीट पोचले, की पेटी पोच देते. पोच आली नाही, तर चिठ्ठ्या दुप्पट करून पुन्हा प्रयत्न होतो. मोबाइल फोन टॉवरला आपली पहिली विनंती पाठवतो, तीही अलोहासारख्याच पद्धतीने. हवाई बेटांवर सुरू झालेली ही रीत अशा प्रकारे घरोघरी पोचली आहे.

नॉर्मन अब्राम्सन यांचे २०२० साली निधन झाले. रॉबर्ट मेटकाफ यांना ईथरनेटच्या कामासाठी संगणकशास्त्रातील मानाचा ट्युरिंग पुरस्कार २०२२ सालासाठी देण्यात आला. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती : संदेश कधी ना कधी बिघडणारच. म्हणून अपयश आल्यावर काय करायचे, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले. पण हे नियम एका अटीवर चालतात. सर्वांनी ते पाळले पाहिजेत. एखाद्या संगणकाने थांबायचे सोडून दिले आणि तो सारखा बोलत राहिला, तर त्याचे संदेश लवकर जातील. पण त्याचा भुर्दंड थांबणाऱ्या इतर सर्वांना पडेल. आणि सगळेच तसे वागू लागले, तर काय होते, हे बर्कलीच्या कोंडीने १९८६ साली दाखवून दिले आहे.

शब्दार्थ

शिष्टाचार – सभ्य वागण्याची रीत, अदब
टंकित करणे – यंत्रावर अक्षरे उमटवणे, टाइप करणे
वाहिनी – संदेश जाण्याचा मार्ग
पोच – वस्तू किंवा संदेश मिळाल्याची खबर
पडताळणी – खरे-खोटे तपासून पाहणे
गृहीत धरणे – आधीच मान्य करून चालणे
उणीव – कमतरता
क्षीण – कमजोर
संयम – धीर, सब्र
भुर्दंड – विनाकारण सोसावे लागणारे नुकसान

वाक्प्रचार

खोळंबून राहणे – अडकून वाट पाहत राहणे
कान देणे – लक्षपूर्वक ऐकणे
कोंडी होणे – पुढे जाण्याची वाट बंद होणे
आटोक्यात येणे – ताब्यात येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अलोहाचे जाळे केव्हा काम करू लागले?
(आ) 'मेनेहुने' हे नाव कोठून घेतले आहे?
(इ) ईथरनेटवरील सर्वांत लहान पाकीट किती अक्षरांचे असते?
(ई) स्विच वापरल्यावर टकरी का होत नाहीत?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ठरावीक पाळी देण्याच्या उपायात कोणती अडचण होती?
(आ) दोन्ही संगणकांनी नियम पाळूनही टक्कर कशी होते?
(इ) प्रत्येक टकरीनंतर चिठ्ठ्या दुप्पट का करतात?
(ई) १९८६ साली बर्कली येथे केबल न तुटताही संदेश का अडले?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) पाठवणारे यंत्र पाकिटाची प्रत स्वतःजवळ ठेवते.
(आ) दोघांनी सारखाच वेळ थांबून उपयोग होत नाही.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
कान देणे, खोळंबून राहणे, आटोक्यात येणे.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
शांतता, यश, न्याय, महाग, क्षीण.

प्र. ६. पुढील शब्द उर्दूतही वापरतात. प्रत्येकाचा मराठीत एक एक वाक्यात उपयोग करा.
खबर, हद्द, इमारत, किस्सा.

उपक्रम : चार विद्यार्थ्यांचा एक गट करा. प्रत्येकाने ० व १ असे आकडे लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या घ्याव्यात. सर्वांनी एकाच वेळी आपापली एक चिठ्ठी उचलून दाखवावी. सर्वांत लहान आकडा एकालाच आला, तर त्याचा संदेश गेला, असे समजून त्याने बाजूला व्हावे. तो आकडा दोघांना किंवा अधिक जणांना आला, तर टक्कर झाली, असे समजून प्रत्येकाने चिठ्ठ्या दुप्पट कराव्यात. चौघांचे संदेश जायला किती फेऱ्या लागल्या, ते वहीत लिहा. मग चिठ्ठ्या न वाढवता तोच खेळ पुन्हा खेळा आणि दोन्हींची तुलना करा.